तीनशे पानांचा बुफे: मुहूर्ताच्या लग्नाचं जेवण कसं आखावं

मंगल कार्यालयातल्या बुफेची खरी कसोटी जेमतेम पंधरा मिनिटं चालते. बारा पंचवीसचा मुहूर्त असला तर शेवटच्या अक्षता पडल्यावर दहा मिनिटांत हॉलमधली बहुतेक माणसं जेवणाकडे वळतात. संध्याकाळच्या रिसेप्शनला लोक सात ते दहा असे विखरून येतात, तिथे एकाच काउंटरवरही निभावतं. मुहूर्ताच्या लग्नात मात्र सगळे एकदम येतात. म्हणून आखणी मेनूपासून सुरू न करता त्या पंधरा मिनिटांपासून उलटी करत यावी. किती माणसं एकदम येतील, ती किती वेळात ताट भरून बाजूला होतील आणि तेवढ्या वेळात पातेल्यात काय तयार असायला हवं, हे एकदा ठरलं की मेनू, जागा, माणसं आणि पैसे यांचे निर्णय सोपे होतात.

पुढचा हिशोब तीनशे पानांच्या, शाकाहारी, दुपारच्या जेवणाचा आहे. पानं कमीजास्त असतील तर पदार्थांची मापं त्या पटीत बदला. रांगांचं गणित मात्र नव्याने मांडा, ते सरळ पटीत बदलत नाही.

आधी पानं ठरवा

पत्रिका मोजून पानं ठरत नाहीत. ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलेल्या एका पत्रिकेमागे दोन माणसंही येतात आणि सहाही. यादी माणशी करा आणि तिचे तीन गट पाडा. घरचे आणि जवळचे नातेवाईक शंभरात पंचाण्णव येतात असं धरा. ऑफिस, मित्रमंडळी, सोसायटी यांतले पासष्टच्या आसपास, आणि लांबचे, गावाकडचे किंवा व्यवहारातले ओळखीचे निम्म्याहून थोडे कमी. समजा पहिल्या गटात १२० माणसं आहेत, दुसऱ्यात १५० आणि तिसऱ्यात २००. मग ११४, ९८ आणि ९० मिळून ३०२ होतात. म्हणजे ४७० जणांना बोलावून तीनशे पानं.

मग त्यात दुरुस्त्या करा. रविवार असेल तर दुसरा गट वाढतो. त्याच तारखेला गावात दहा लग्नं असतील तर तिसरा गट घटतो, शिवाय त्यातले काहीजण नुसतं पाकीट देऊन पुढच्या कार्यालयात जातात. पंचांग नक्की बघा. एकादशी, संकष्टी किंवा श्रावणी सोमवार असेल तर उपवासाचं वेगळं खाणं लागेल, आणि तेवढं मुख्य जेवण कमी करता येईल. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ आणि एखादं फळ एवढं पुरे, पण ते वेगळ्या टेबलावर ठेवा.

यादीतून हमखास सुटणारी माणसं म्हणजे गुरुजी, फोटोवाले, वाजंत्री, सजावटीचे कामगार, मेकअपवाल्या बाई आणि गाड्यांचे ड्रायव्हर. ही सहज वीस-पंचवीस पानं होतात. केटररची स्वतःची माणसं या हिशोबात येत नाहीत, पण तेही बोलण्यातच स्पष्ट करून घ्या.

आता केटररला काय सांगायचं? ‘गॅरंटी’ म्हणजे जितक्या पानांचे पैसे माणसं येवोत न येवोत द्यायचेच, तो आकडा. ती अंदाजाच्या दहा टक्के खाली ठेवा. अंदाज तीनशेचा असेल तर गॅरंटी २७०ची आणि तयारी तीनशेची. त्यावर जी पानं होतील ती त्याच दराने धरायची, हे लेखी घ्या. काही केटरर जादा पानांना चढा दर लावतात आणि ते शेवटच्या बिलात कळतं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचं अर्धं पान धरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण आपोआप कोणी देत नाही, मागावं लागतं.

केटरर निवडताना

बऱ्याच कार्यालयांत केटरर त्यांचाच घ्यावा लागतो, किंवा बाहेरचा आणला तर वेगळी रक्कम भरावी लागते. म्हणून हॉलची पावती फाडण्याआधी हे विचारा, नंतर नाही.

चव बघायला केटरर घरी चार डबे पाठवतो. त्यावरून फारसं काही कळत नाही, कारण चार जणांची भाजी आणि तीनशे जणांची भाजी ही दोन वेगळी कामं आहेत. त्याचं एखादं चालू काम बघायला जा, तेही शेवटच्या वीस मिनिटांत. तेव्हाही पुरी गरम येते आहे का, पनीरच्या भांड्यात नुसता रस्सा उरलाय का, उष्ट्या ताटांचा ढीग साचलाय का, मुदपाकखान्यात जमीन कोरडी आहे का, एवढं बघितलंत तर पुरे. पहिली वीस मिनिटं सगळ्यांचीच चांगली जातात.

कागदावर घ्यायच्या गोष्टी: पदार्थांची पूर्ण यादी, पिण्याचं पाणी दरात आहे की नाही, ताट-वाट्या स्टीलच्या की एकदा वापरायच्या, वाढपी किती, जेवण लांबलं तर जादा वेळाचे पैसे किती, वाहतूक आणि साफसफाई कोणाकडे, उरलेलं अन्न कोणाचं, आणि कर. केटरिंगवर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, मोठ्या हॉटेलांच्या आवारात तो १८ टक्के असू शकतो. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक मागा. तो बिलावर छापणं १ जानेवारी २०२२पासून बंधनकारक आहे, त्यामुळे ‘परवाना आहे, पण घरी राहिला’ हे उत्तर चालत नाही.

गावाकडे अजूनही सामान आपलं आणि मजुरी आचाऱ्याची अशी पद्धत आहे. त्यात पैसे वाचतात, पण वाढपी, भांडी, पाणी आणि कचरा या चारही गोष्टी यजमानाच्या अंगावर येतात. त्यासाठी घरातली दोन माणसं पूर्ण दिवस मोकळी ठेवता येत असतील तरच त्या वाटेला जा.

रांगेचं गणित

तीनशेपैकी साधारण ७० टक्के, म्हणजे २१० माणसं पहिल्या लाटेत येतात. रांगेत एका माणसाला प्रत्येक पदार्थापाशी थांबून पुढे सरकायला जो वेळ लागतो, त्यावर दर पंधरा सेकंदांना एक भरलेलं ताट बाहेर पडतं असं धरा. म्हणजे एका रांगेतून मिनिटाला चार माणसं. दोन रांगा असतील तर मिनिटाला आठ, आणि २१० जणांना २६ मिनिटं. शेवटची माणसं अर्धा तास हातात रिकामं ताट घेऊन उभी राहणार, आणि लग्नाची आठवण म्हणून तेवढंच सांगणार. चार रांगा केल्या तर मिनिटाला सोळा, म्हणजे तेरा मिनिटांत लाट ओसरते.

चार रांगा म्हणजे चार वेगळे काउंटर नव्हेत. हॉलच्या मधोमध दोन लांब टेबलं लावा. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालतील आणि मधल्या भांड्याला दोन्हीकडून एकेक डाव असेल. एका टेबलावर आठ भांडी धरली तर लांबी १६ ते १८ फूट होते. प्रत्येक बाजूला किमान चार-पाच फुटांची वाट हवी. भिंतीला लावलेलं टेबल दिसतं छान, पण त्याची एक बाजू वाया जाते.

दोन्ही टेबलांवर सगळे पदार्थ सारखेच ठेवा. पोळी-भाजी इकडे, भात तिकडे, गोड तिसरीकडे अशी वाटणी मराठी जेवणाला चालत नाही. चाट किंवा पंजाबी-चायनीजच्या मेनूत प्रत्येकजण आपल्या आवडीच्या काउंटरला जातो. आपल्याकडे प्रत्येकाला ताटात सगळंच हवं असतं, त्यामुळे प्रत्येक माणूस तीन रांगांत उभा राहतो. पाणी, मठ्ठा, जिलबी आणि आइस्क्रीम मात्र खुशाल लांब मांडा.

रांगेचा वेग सगळ्यात मंद पदार्थ ठरवतो, आणि तो बहुतेकदा सगळ्यात लहान असतो. मीठ, लिंबू, लोणचं, दोन चटण्या, पापड, कुरडई यांना लागणारा वेळ दोन भाज्या आणि भाताच्या वेळेएवढा होतो. हे सगळं मुख्य रांगेत ठेवलं की पंधरा सेकंदांचे पंचवीस होतात आणि तेरा मिनिटांची लाट बावीस मिनिटांवर जाते. ‘डावी बाजू’ पूर्ण उचलून जेवायच्या जागेजवळ दोन-तीन छोट्या टेबलांवर ठेवा. ताटाची डावी बाजू शेवटी भरली म्हणून कोणी नाराज होत नाही.

रांगेचा क्रम असा ठेवा: ताटं, मग पुरी, सुकी भाजी, पनीर किंवा रस्सा, अळूची पातळ भाजी, मसालेभात, साधा भात, वरण-तूप, कोशिंबीर. चमचे आणि कागदी रुमाल अगदी शेवटी, कारण सुरुवातीला घेतले तर ते धरायला हात उरत नाही. अळूच्या भाजीच्या वाट्या सुरुवातीला न ठेवता भाजीच्या अलीकडे ठेवा. कप्प्यांची स्टीलची ताटं असतील तर मठ्ठा सोडून वाटीची गरजच पडत नाही, आम्ही तीच घ्यायला सांगू.

पनीर पुढे ठेवावं की मागे, यावर केटरर आणि यजमान यांचं जमत नाही. मागे ठेवलं की ताट आधीच भरलेलं असतं आणि पनीर कमी जातं, हे केटररला ठाऊक असतं. सोपा तोडगा म्हणजे पनीर मध्ये ठेवायचं आणि पहिली पंधरा मिनिटं ते वाढप्याने वाढायचं. भात, वरण, सुकी भाजी लोकांनी स्वतः घ्यावी.

लाट थोडी पसरवताही येते. मंगलाष्टकं चालू असताना मागच्या रांगांमध्ये पन्हं किंवा कोकम सरबत आणि कोथिंबीर वडी फिरवा. अक्षता पडल्यावर जिलबीचा काउंटर आधी उघडा आणि मुख्य टेबलं पाच मिनिटांनी. ज्यांना लगेच निघायचं असतं त्यांच्यासाठी एक टेबल बाराला उघडलं तरी हरकत नाही. शहरात आता हे कोणाला खटकत नाही, गावी मात्र आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

बसून जेवणाऱ्यांची सोय

सत्तरीच्या पुढची मंडळी, गुडघे दुखणारी, लहान मूल कडेवर असलेली आई, यांनी ताट घेऊन रांगेत उभं राहू नये. टेबल-खुर्च्यांवर तीस-चाळीस जणांची पंगत राखून ठेवा आणि तिला दोन वाढपी वेगळे द्या. विहिणींची पंगत बसवायची असेल तर ती या गर्दीनंतर, निवांत. वधू-वर आणि त्यांचे आईवडील यांची दहा-बारा पानं काढून झाकून ठेवायला सांगतात, ती चूक आहे. तीन वाजता ते अन्न ना गरम असतं ना ताजं. त्याऐवजी तेवढं कच्चं सामान राखून ठेवायला सांगा. मळलेली कणीक, पनीरचा तयार रस्सा आणि भिजवलेले तांदूळ असले की अर्ध्या तासात गरम पान मिळतं.

किती शिजवायचं

ही मापं शंभर पानांची आहेत, कच्च्या सामानाची, दोन भाज्या, दोन भात आणि दोन गोड पदार्थ असताना.

मसालेभाताला ४ ते साडेचार किलो तांदूळ, साध्या भाताला ३ ते साडेतीन किलो. वरणाला ३ किलो तूरडाळ, त्यावर ६०० ग्रॅम साजूक तूप. बटाट्याच्या सुक्या भाजीला ९ किलो बटाटे. पनीर ४ ते ५ किलो, माणशी चार-पाच तुकडे पडतील असं. अळूची पातळ भाजी तयार १० ते १२ लिटर. पुऱ्या माणशी चार. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ५५ ते ६० पुऱ्या होतात, म्हणून ७ किलो कणीक. कोशिंबिरीला ४ किलो काकडी-गाजर आणि २ किलो दही. श्रीखंड ७ किलो, जिलबी ७ ते ८ किलो. श्रीखंड एकटंच असेल तर १० किलो. मठ्ठा माणशी दीडशे मिलिलिटर, म्हणजे ५ किलो दही आणि १० लिटर पाणी. पापड-कुरडई मिळून दीडशे नग. लिंबं २५, प्रत्येकाच्या चार फोडी.

पदार्थ वाढले की प्रत्येकाचं माप घटतं, पण त्या प्रमाणात नाही. तिसरी भाजी घेतली तर आधीच्या दोन भाज्या तिसऱ्या हिश्शाने कमी करता येत नाहीत, कारण प्रत्येकजण प्रत्येक भाजी थोडी घेऊन बघतो. वाया जाणाऱ्या अन्नाचं मोठं कारण हेच आहे. मेनूत पंचवीस नावं छापायची हौस असेल तर उष्ट्यातही पंचवीस पदार्थ दिसतील.

तांदूळ निवडताना एक लक्षात ठेवा. आंबेमोहोर आणि इंद्रायणी पंगतीत गरम वाढायला उत्तम, पण बुफेच्या भांड्यात निवत गेले की गोळा होतात. तिथे कोलम बरा.

पुरीचा हिशोब वेगळा

बुफेत सगळ्यात आधी पुरी संपते, आणि ती कणीक कमी पडल्यामुळे संपत नाही. पहिल्या तेरा मिनिटांत २१० माणसं प्रत्येकी तीन पुऱ्या घेतात, म्हणजे ६३० पुऱ्या लागतात. एका मोठ्या कढईतून मिनिटाला दहा-बारा पुऱ्या निघतात. दोन कढया लावल्या तरी तेरा मिनिटांत २९०च्या आसपास. उरलेल्या ३४० कुठून आणायच्या? त्या आधीच तयार असायला हव्यात. म्हणून मुहूर्ताच्या अर्धा तास आधी दोन्ही कढया सुरू करून साडेतीनशे पुऱ्या काढून ठेवायच्या आणि टेबलं उघडल्यावर तळण थांबवायचं नाही. दोन कढयांना पुरे पडायला लाटणाऱ्या किमान चार बायका हव्यात. एक बाई मिनिटाला सहा पुऱ्या लाटते, आणि दोन बायकांवर दोन कढया चालवल्या की आचारी तेलापाशी रिकामा उभा राहतो.

काढून ठेवलेल्या पुऱ्या बंद डब्यात भरू नका. वाफ आतच कोंडते आणि पुरी लिबलिबीत होते. वेताच्या टोपलीत किंवा जाळीच्या ट्रेमध्ये पातळ थर लावून वर सुती फडकं टाका. कणकेत थोडा रवा घातला आणि ती घट्ट मळली तर पुरी जास्त वेळ टम्म राहते. लोक पहिल्या फेरीत पाच-सहा पुऱ्या उचलायला लागले की रांगेच्या सुरुवातीला वाढपी उभा करा आणि त्याला तीन-तीनच वाढायला सांगा. परत आलेल्याला हवी तेवढी द्यायची.

तीन टप्प्यांत शिजवा

सगळं अन्न अकरा वाजता तयार करून ठेवणारा आचारी स्वतःची सोय बघतो. साठ टक्के माल टेबलं उघडताना तयार, पंचवीस टक्के मुदपाकखान्यात गरम आणि पंधरा टक्के अर्धवट तयारीत असा हिशोब धरा. या शेवटच्या वाट्यात बटाटे उकडलेले पण फोडणी न दिलेले, तांदूळ धुऊन निथळत ठेवलेले आणि रस्सा तयार पण पनीर न घातलेलं असतं. एक वाजता घरचा एकजण आणि मुख्य आचारी मिळून उष्ट्या ताटांची मोजदाद करतात आणि हा वाटा शिजवायचा की नाही ते ठरवतात. माणसं कमी आली तर तेवढं सामान कच्चंच वाचतं.

पनीर रस्श्यात तासभर उकळत राहिलं की रबरासारखं होतं, त्यामुळे तेही टप्प्याटप्प्याने घालायचं. काकडी मीठ लागलं की पाणी सोडते. म्हणून कोशिंबिरीला मीठ आणि दही दर खेपेला, लागेल तेवढ्यापुरतंच. वरण थांबलं की आळतं. ते सैल करायला उकळतं पाणी ठेवा, नळाचं नको.

आंबणं, बिघडणं आणि पोट

एप्रिल-मे म्हणजे लग्नाची दाट तिथी आणि अन्न बिघडण्याचीही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. गरम शाकाहारी पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायचे, मांसाहारी ६५च्या वर, थंड पदार्थ ५च्या खाली. सुई टोचून तापमान मोजायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. केटररकडे नसेल तर तुम्ही घ्या.

भात इथे सगळ्यात फसवा. कच्च्या तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. मोठ्या पातेल्यातल्या भाताचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथे ते वाढतात, आणि त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही. सकाळी आठला शिजवलेला भात साडेबाराला वाढणं म्हणूनच चुकीचं आहे. भात शेवटच्या पाऊण तासात, तोही दोन पातेल्यांत विभागून शिजवा. मसालेभातावरचं ओलं खोबरं आधी पेरून ठेवू नका. नारळ लवकर आंबतो, ते वाढताना टाका. कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्री करून बाहेर ठेवणं हे रस्सा आंबण्याचं नेहमीचं कारण.

श्रीखंडाचं भांडं बर्फाच्या ट्रेमध्ये बसवा आणि एका वेळी दोन-अडीच किलोच बाहेर काढा. उन्हाळ्यात टेबलावर उघडं ठेवलेलं श्रीखंड आधी सैल होतं आणि मग कडेने पाणी सोडतं. बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का, हेही विचारा. मठ्ठ्यात पडणारा बर्फ कारखान्याच्या लादीचा नको.

खाली पाणी आणि बर्नर असलेली बुफेची भांडी गरम अन्न गरम ठेवण्यासाठी असतात, थंड अन्न गरम करण्यासाठी नाहीत. खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी घाला आणि अन्न ओतायच्या वीस मिनिटं आधी बर्नर पेटवा. लॉनवर वारा असेल तर ज्योत विझते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा आणि दर पंधरा मिनिटांनी खाली वाकून बघायचं काम एकाला नेमून द्या.

भांडं भरायची रीतही महत्त्वाची. एका भांड्यात साधारण ७ किलो सुकी भाजी बसते. माणशी ९० ग्रॅम धरले तर ती पंच्याहत्तर-ऐंशी जणांना पुरते. दोन्ही बाजूंनी मिनिटाला आठ माणसं घेत असतील तर नऊ-दहा मिनिटांत भांडं रिकामं. तळाशी तिसरा हिस्सा उरला की नवीन भरलेलं भांडं आणून जुनं उचलायचं, जुन्यावर नवीन ओतायचं नाही. खालचं निवलेलं अन्न तसंच पुढे जात राहतं, आणि खरवडलेलं भांडं दिसलं की लोक घाबरून जास्त वाढून घेतात.

दाण्याचं कूट आपल्याकडे कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत कुठेही असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी पदार्थापुढच्या पाटीवर तसं लिहा. जैन पाहुणे असतील तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंद नसलेले दोन पदार्थ, वेगळ्या डावासह वेगळ्या टेबलावर.

माणसं, भांडी, पाणी, कचरा

तीनशे पानांना वाढणारी-आवरणारी बारा माणसं हवीत. दोन टेबलांवर चार, मुदपाकखान्यातून भांडी आणणारे दोन, राखीव पंगतीला दोन, पाण्याला एक, उष्टी ताटं उचलायला तीन. मुदपाकखाना टेबलांपासून लांब किंवा वरच्या मजल्यावर असेल तर आणणारे चार करा.

आग्रह हा बुफेत हरवलेला प्रकार आहे. परत रांगेत जायचा कंटाळा येतो म्हणून माणसं भात-वरण घेतच नाहीत. लाट ओसरली की पंगतीतले दोन वाढपी जिलबी आणि गरम पुरी घेऊन हॉलभर फिरवा. यजमानांपैकी कोणी सोबत असेल तर आणखी बरं.

ताटं पानांच्या सव्वापट, वाट्या अडीचपट, चमचे दुप्पट, पेले दीडपट. धुण्याची जागा अपुरी असेल तर ताटं दीडपट घ्या. एकदा वापरायची भांडी घ्यायची झाली तर पत्रावळ किंवा उसाच्या चोथ्याची. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८पासून बंदी आहे आणि दंड यजमानाकडेही येऊ शकतो.

पिण्याचं पाणी माणशी एक लिटर, म्हणजे २० लिटरचे पंधरा जार. उन्हाळ्यात वीस. पाणी एका कोपऱ्यात न ठेवता दोन ठिकाणी, आणि दोन्ही जेवणाच्या टेबलांपासून दूर. हात धुवायच्या बेसिनकडे जाणारी वाट जेवणाच्या रांगेला छेदत असेल तर टेबलांची दिशा बदला.

उष्टी ताटं ठेवायच्या चार जागा करा, टेबलांपासून पंचवीस-तीस फुटांवर, बाहेर जायच्या वाटेवर. प्रत्येक ठिकाणी ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वेगळे पिंप.

गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवरच. घरगुती लाल सिलिंडर अशा कामाला वापरायला परवानगी नाही. एक भरलेला सिलिंडर जादा, आणि तळणाच्या कढईजवळ अग्निशामक. त्याची तारीख बघून घ्या.

दिवसांचं वेळापत्रक

दोन-तीन महिने आधी हॉल आणि केटरर पक्के. महिनाभर आधी मेनू ठरवून त्याची लेखी प्रत. पंधरा दिवस आधी पानांचा कच्चा आकडा, तीन दिवस आधी पक्का. आदल्या संध्याकाळी केटररच्या माणसाला घेऊन हॉलमध्ये जा आणि टेबलं प्रत्यक्ष लावून वाटा चालून बघा. खांब, प्लग आणि दारं कागदावर दिसत नाहीत.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला भाजी चिरणं, सातला नाश्ता. साडेनऊला रस्से, साडेदहाला जिलबीची कढई, साडेअकराला पातळ भाजी आणि वरण, पावणेबाराला भात, बाराच्या जरा आधी पुरी. सव्वाबाराला दोन्ही टेबलांवर बर्नर पेटलेले आणि भांड्यांवर झाकणं. मुहूर्त लांबण्याची शक्यता असेल, आणि ती असतेच, तर भात आणि पुरी घड्याळाप्रमाणे न लावता अंतरपाट धरल्याचा निरोप मुदपाकखान्यात पोचल्यावर लावा. त्यासाठी मांडवात एक जबाबदार मुलगा फोन घेऊन उभा करायचा, बाकी काही काम त्याला सांगायचं नाही.

पानं मोजणं आणि उरलेलं अन्न

वाद होतो तो ताटांच्या मोजणीवर. एक माणूस दोनदा ताट घेतो, मुलाचं ताट तसंच पडून राहतं, आणि केटररच्या वहीत तीनशे चाळीस पानं निघतात. टेबलं उघडण्याआधी ताटांच्या थप्प्या पन्नासाच्या करून दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजाव्यात आणि वहीत सही करावी. प्रत्येक नवी थप्पी उघडताना तीच नोंद. शेवटी न वापरलेली ताटं वजा केली की आकडा निघतो. दुसऱ्यांदा ताट घेणारे धरून पाच टक्के सूट मागायची पद्धत आहे, पण ती करार करतानाच ठरवा. जेवण झाल्यावर कोणी ऐकत नाही.

अन्न उरणार हे दीड वाजता कळतं, चार वाजता नाही. अन्न नेणाऱ्या संस्थेशी किंवा जवळच्या आश्रमाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा आणि दीडला फोन करा. फक्त मुदपाकखान्यातच राहिलेलं, गरम ठेवलेलं अन्न द्यायचं. टेबलावर येऊन गेलेलं, कोशिंबीर, मठ्ठा आणि बाहेर राहिलेलं श्रीखंड द्यायचं नाही. जे द्याल ते दोन तासांच्या आत खाल्लं जाईल अशाच ठिकाणी जाऊ द्या, आणि नातेवाइकांना डबे भरून देतानाही प्रवास किती तासांचा आहे ते विचारा. पुणे-नागपूरच्या बसमध्ये पनीरचा डबा देऊ नका, जिलबी आणि कुरडई द्या.

हिशोब त्याच संध्याकाळी मिटवा. पानांची वही, जादा पानांचा दर, फुटलेली-हरवलेली भांडी, पाण्याचे रिकामे जार आणि कार्यालयाची अनामत रक्कम या पाच ओळी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. अनामत परत घेण्याआधी मुदपाकखाना आणि मागचं अंगण स्वतः बघून या, कारण तिथे पडलेल्या खरकट्याचे पैसे त्यातूनच कापले जातात.